घळईतून सायकल सफर: आधी वारा पाहा, मग वेळ ठरवा

सायकल नेण्याआधी हे एकदा वाचून घ्या. घळईतला रस्ता नदीच्या काठाने जात असला तर चढ बेताचेच असतात. दमवतो तो वारा. दोन्ही बाजूंना कडे असल्याने त्याला पसरायला जागा नसते. तो नदीच्या रेषेतच वाहतो आणि अरुंद जागी वेग घेतो. त्यामुळे तो बहुतेक वेळ थेट समोरून तरी येतो, नाहीतर थेट पाठीवर.

जाताना वारा पाठीशी मिळाला की परतीचा त्रास भरून निघतो, हा हिशेब चुकीचा आहे. ताशी 20 किमीने चालवणाऱ्याला 30 किमी जाऊन परत यायला 3 तास लागतात. तोच जाताना 28 ने गेला आणि येताना 12 ने आला, तर 3 तास 34 मिनिटे लागतात. त्यातले अडीच तास वाऱ्याशी झुंजण्यात जातात, तेही दमल्यावर. म्हणून पाय ताजे असताना वाऱ्याच्या तोंडावर निघा, परतताना तो पाठीशी घ्या.

नदी वाहते तिकडे जाणे सोपे, असेही धरू नका. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या घळईत उन्हाळ्यात आतला प्रदेश तापतो, तिथला हवेचा दाब उतरतो आणि समुद्राकडची गार हवा घळईतून आत ओढली जाते. नदी पश्चिमेला वाहते, वारा मात्र पश्चिमेकडून येतो. हिवाळ्यात बहुधा याच्या उलट.

डोंगरातल्या दऱ्यांमध्ये स्वच्छ हवेच्या दिवशी सकाळ बरीचशी शांत असते आणि दुपारी वारा दरीतून वर चढू लागतो. उजाडताच निघणे केव्हाही चांगले. अंदाज पाहताना सरासरी वेगावर थांबू नका. झोतांचा, म्हणजे ‘गस्ट’चा आकडा बघा. तो ताशी 40 किमीच्या वर असेल तर तारीख बदला, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

खरा धोका आडव्या झोताचा. उपदरीचे तोंड, पूल, बोगद्याचा शेवट आणि शेजारून गेलेला ट्रक, या चार जागी तो अचानक बसतो. तिथे वेग कमी करा, अंग खाली झुकवा, कोपर सैल ठेवा. हँडल घट्ट आवळले की प्रत्येक धक्का पुढच्या चाकात उतरतो. कठड्यापासून निदान एक मीटर अंतर राखा. खोल रिमचे, म्हणजे जाड, उंच कडेचे पुढचे चाक अशा वाटेवर घेऊ नका, ते झोत पकडते. सामान कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, खाली बांधा.

बोगद्यासाठी पुढचा-मागचा दिवा लावा, काळा चष्मा आधीच काढा. कड्यांमुळे मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या. वाऱ्यात घाम लगेच वाळतो आणि तहान लक्षात येत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा. दोन ट्यूब, पंप आणि टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायची पट्टी) सोबत हवेतच. ऊन कड्याआड लवकर जाते आणि गारठा वाढतो, तेव्हा अंगाला घट्ट बसणारे विंडचीटर घ्या. सैल जॅकेट शिडासारखे फुगते.