स्नॅपशॉट आयसोलेशन

एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शन्सना (एकतर पूर्ण होणाऱ्या, नाहीतर पूर्ण रद्द होणाऱ्या कामांच्या गटांना) एकमेकांच्या अर्धवट कामापासून वेगळे ठेवण्याची डेटाबेसमधील एक पद्धत. या पद्धतीत प्रत्येक ट्रान्झॅक्शनला सुरुवातीच्या क्षणी डेटा जसा होता तसाच शेवटपर्यंत दिसतो. दरम्यान इतरांनी कमिट (कायम) केलेले बदल त्याच्या नजरेस पडत नाहीत. एकाच रोमध्ये (टेबलातील ओळीत) दोघांनी बदल केला तर एकाचाच टिकतो, दुसऱ्याचे ट्रान्झॅक्शन रद्द होते. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला, या एका गुणामुळे ओरॅकल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर या तिन्ही डेटाबेसनी ती कोणत्या ना कोणत्या नावाने स्वीकारली. ‘कोणत्या ना कोणत्या नावाने’ हीच मात्र या विषयातली खरी अडचण आहे.

सुसंगततेचा आधीचा मार्ग लॉकचा, म्हणजे वापरातली रो इतरांसाठी अडवून ठेवण्याचा, होता. आयबीएमच्या सॅन होझे येथील सिस्टम आर या प्रायोगिक डेटाबेस प्रकल्पातील ईश्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर यांनी १९७६ मध्ये दोन टप्प्यांच्या लॉकिंगचा सिद्धांत मांडला. एकदा कोणताही लॉक सोडला की त्यानंतर नवा घ्यायचा नाही. हा नियम पाळला की ट्रान्झॅक्शन्स एकामागून एक चालवल्यासारखाच निकाल मिळतो. याला सीरियलायझेबल म्हणतात. पण दिवसअखेरचा मोठा रिपोर्ट चालू असताना त्याने वाचलेल्या सगळ्या रो अडकून राहतात आणि काउंटरवरचे काम थांबते. जुनी आवृत्ती खोडून न टाकता तिच्याशेजारी नवी ठेवावी, ही कल्पना डेव्हिड रीड यांच्या १९७८ च्या एमआयटीतील प्रबंधात आली. पोस्टग्रेसमध्ये आजही रोच्या प्रत्येक आवृत्तीवर ती निर्माण करणाऱ्या आणि ती बाद करणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक असतो. स्नॅपशॉट म्हणजे डेटाची प्रत नव्हे. त्या क्षणी कोणती ट्रान्झॅक्शन्स पूर्ण झाली होती आणि कोणती चालू होती, एवढीच ती नोंद असते.

१९९२ च्या एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) मानकाने आयसोलेशनचे चार चढते स्तर ठरवले (रीड अनकमिटेड, रीड कमिटेड, रिपीटेबल रीड आणि सर्वांत कडक सीरियलायझेबल) आणि त्यांची व्याख्या तीन दोषांवर बेतली: कमिट न झालेला डेटा वाचणे, तीच रो पुन्हा वाचल्यावर वेगळी दिसणे, आणि तीच क्वेरी पुन्हा चालवल्यावर नव्या रो उगवणे. स्नॅपशॉट आयसोलेशनमध्ये यांपैकी एकही दोष दिसत नाही, म्हणून उत्पादकांनी त्याला बिनदिक्कत ‘सीरियलायझेबल’ म्हटले. ही व्याख्याच अपुरी आहे, हे १९९५ मध्ये बेरेन्सन, बर्नस्टीन, ग्रे, मेल्टन आणि ओ’नील दांपत्याने दाखवून दिले. स्नॅपशॉट आयसोलेशन हे नाव त्याच लेखातून रूढ झाले आणि मानकात नसलेला ‘राइट स्क्यू’ हा दोषही तिथेच मांडला गेला.

राइट स्क्यू कसा घडतो, ते मंगल कार्यालयाच्या बुकिंगमध्ये दिसते. एक हॉल, एक तारीख. एक कर्मचारी सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेसाठी, तर दुसरा दुपारी १ ते रात्री ९ साठी नोंद करतो आहे. दोन्ही ट्रान्झॅक्शन्स आधी विचारतात, ‘या वेळेत दुसरे बुकिंग आहे का?’ दोघांच्याही स्नॅपशॉटमध्ये हॉल रिकामा. दोघेही नवी रो टाकतात. रो वेगवेगळ्या, त्यामुळे संघर्ष नाही. दोन्ही कमिट होतात. प्रत्येक ट्रान्झॅक्शन स्वतंत्रपणे बरोबर होते, तरी दोन तास हॉलमध्ये दोन लग्ने आहेत.

यावर पहिला उपाय सुचतो तो ‘सिलेक्ट फॉर अपडेट’चा, म्हणजे वाचतानाच रोवर लॉक घेण्याचा. पण जी रो अजून अस्तित्वातच नाही तिच्यावर लॉक कसा लावणार? म्हणून हॉलच्या टेबलमधील त्या हॉलच्या रोवर लॉक घेतात. इथे एक बारीक खाच आहे. पोस्टग्रेसच्या रिपीटेबल रीड स्तरावर दुसरे ट्रान्झॅक्शन लॉकसाठी थांबते, पहिले कमिट झाल्यावर त्याला लॉक मिळतोही. पण त्याचा स्नॅपशॉट थांबण्याआधीच घेतलेला असल्याने पहिल्याचे बुकिंग त्याला दिसत नाही आणि दुहेरी नोंद होतेच. हॉलच्या रोमध्ये प्रत्यक्ष बदल केला, अगदी एखादा आकडा एकने वाढवला, तरच दुसऱ्याला एरर येते. गंमत म्हणजे त्याच्या खालच्या, रीड कमिटेड स्तरावर नुसता लॉक पुरतो, कारण तिथे प्रत्येक विधानाला ताजा स्नॅपशॉट मिळतो. वरचा स्तर घेतला म्हणजे सुरक्षितता वाढलीच, असे धरून चालणाऱ्यांनी हे उदाहरण स्वतः चालवून पाहावे.

बुकिंगपुरता सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे नियमच डेटाबेसकडे सोपवणे. पोस्टग्रेसमध्ये २०१० च्या ९.० आवृत्तीपासून एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट आहे; एकाच हॉलच्या दोन वेळा एकमेकींवर चढू नयेत ही अट त्यात थेट लिहिता येते. मात्र ‘या विभागाच्या सगळ्या खर्चांची बेरीज मंजुरीच्या आत हवी’ अशी अट कोणत्याही साध्या कन्स्ट्रेंटमध्ये बसत नाही. तिथे एकतर वरच्यासारखा विभागाच्या रोमध्ये मुद्दाम बदल करावा लागतो, नाहीतर खरा सीरियलायझेबल स्तर घ्यावा लागतो.

तो स्तर लॉकने न अडवताही देता येतो, हे काहिल, रोम आणि फेकेट यांनी २००८ मध्ये दाखवले. एकाने जे वाचले ते दुसऱ्याने बदलले, असे दोन दुवे सलग जुळले की धोका संभवतो; म्हणून डेटाबेस वाचनांचीही नोंद ठेवतो आणि तसा आकार दिसताच एक ट्रान्झॅक्शन रद्द करतो. कधीकधी निर्दोष ट्रान्झॅक्शनही बळी पडते. पोस्टग्रेसमध्ये हे तंत्र २०११ च्या ९.१ आवृत्तीत आले. तोपर्यंत तिथला ‘सीरियलायझेबल’ म्हणजे स्नॅपशॉट आयसोलेशनच होते. ओरॅकलमध्ये त्या नावाखाली अजूनही तेच मिळते. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण इंजिनाची तऱ्हा आणखी वेगळी: रिपीटेबल रीड स्तरावर वाचन जुन्या स्नॅपशॉटमधून होते, पण अपडेट मात्र ताज्या रोवर चालते. शिल्लक वाचून, प्रोग्रॅममध्ये वजाबाकी करून ती परत लिहिली, तर मधला दुसऱ्याचा बदल एररशिवाय पुसला जातो. त्यामुळे सेवेची रचना करताना स्तराच्या नावावर विसंबू नये. तो विशिष्ट डेटाबेस त्या नावाखाली काय करतो ते वाचावे.

इतकी वर्षे राइट स्क्यूचा दोष फारसा कुणाला का टोचला नाही, यालाही कारण आहे. डेटाबेसचा वेग मोजण्यासाठी सर्रास वापरली जाणारी टीपीसी-सी ही चाचणी स्नॅपशॉट आयसोलेशनखाली चालवली तरी निकाल सीरियलायझेबलच येतो. तिच्यातील ट्रान्झॅक्शन्सची घडणच तशी आहे.

या पद्धतीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. रद्द झालेले ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवणे ही ॲप्लिकेशनची जबाबदारी असते. पोस्टग्रेस अशा वेळी ४०००१ हा कोड देतो. तो आल्यावर फक्त शेवटचे विधान नव्हे, तर वाचनासकट सगळे पहिल्यापासून करावे लागते. साहजिकच ट्रान्झॅक्शनच्या मध्येच ग्राहकाला एसएमएस पाठवणे अंगलट येते: बुकिंग रद्द होते, एसएमएस परत घेता येत नाही. पाठवायचा मजकूर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात लिहावा आणि कमिटनंतर वेगळ्या प्रोसेसने पाठवावा, ही रीत त्यातूनच रुळली.

दुसरी किंमत जागेची. जुना स्नॅपशॉट जोवर उघडा आहे तोवर त्याला दिसणाऱ्या आवृत्त्या काढता कामा नयेत. पोस्टग्रेसमध्ये त्या मूळ टेबलातच साठतात आणि व्हॅक्यूम ही प्रक्रिया त्या साफ करते. ओरॅकल आणि इनोडीबी त्या वेगळ्या अनडू भागात ठेवतात. कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून जेवायला गेले, की पोस्टग्रेसचे टेबल फुगत राहते, आणि ओरॅकलमध्ये अनडू भागातली हवी ती जुनी आवृत्ती पुसली गेली असेल तर लांबलेल्या रिपोर्टला ‘स्नॅपशॉट फार जुना’ अशी एरर येऊन तो अर्ध्यावर बंद पडतो.