व्हॉइड लावलं तरी जीसीसी गप्प का बसत नाही

सी भाषेत फंक्शनने परत दिलेलं उत्तर (रिटर्न व्हॅल्यू) न वापरता सोडलं की कंपायलर कधीकधी वॉर्निंग देतो. 'रिटर्न व्हॅल्यू नको असेल तर कॉलच्या आधी कंसात व्हॉइड टाक, वॉर्निंग जाते.' हा सल्ला कुणीतरी कुणाला तरी देतच असतो, आणि घेणारा 'जात नाहीये' म्हणत परत येतो. अहो, 'हे उत्तर सोडू नका' असं सांगणाऱ्या, फंक्शनवर लावायच्या खुणा (अ‍ॅट्रिब्यूटं) दोन आहेत. जाते ती नोडिस्कार्डची. वॉर्न-अनयूज्ड-रिझल्टची जीसीसी या कंपायलरमध्ये जात नाही.

वॉर्न-अनयूज्ड-रिझल्ट तुम्हाला माहीत आहेच. उबुंटूवर ओ-टू (ऑप्टिमायझेशनचा पर्याय) लावून इनपुट वाचणारं स्कॅनएफ कंपाइल केलं की दिसतं तेच. जीसीसीचं घरचं अ‍ॅट्रिब्यूट, ३.४ पासूनचं. नोडिस्कार्ड सी++१७ मधलं, सी२३ मध्ये सीच्या स्टँडर्डमध्ये आलं. दुहेरी चौकोनी कंसात लिहायचं, हवा तर आपला संदेश जोडायचा. बाकी किरकोळ.

गोची कास्टची. लिंट या जुन्या कोड-तपासनीस साधनाच्या काळापासून व्हॉइड कास्ट, म्हणजे कॉलआधीचं ते कंसातलं व्हॉइड, सांगतो 'कळतंय मला, तरी नकोय'. सी२३ हा इशारा मानतं: असा कास्ट दिसला तर कंपायलरने वॉर्निंग देऊ नये, अशी त्यात शिफारस आहे. जीसीसीचं जुनं अ‍ॅट्रिब्यूट मानत नाही. रिझल्ट न तपासणं ही जिथे सुरक्षेची भानगड किंवा हमखास बगच असतो, मेमरीच्या तुकड्याचा आकार बदलणाऱ्या रीअ‍ॅलॉकसारख्या अशा फंक्शनांसाठी ते केलेलं. तिथे नुसत्या कास्टने सुटका नाही. यावर जीसीसीच्या बगझिलात (तक्रारींच्या नोंदवहीत) ६६४२५ क्रमांकाची तक्रार २०१५ पासून आहे. क्लँग हा दुसरा कंपायलर मात्र दोन्हीकडे कास्ट मान्य करतो. म्हणून मॅकवर (तिथे क्लँग असतो) निमूट झालेला कोड उबुंटूवर ओरडतो. तोही ओ-टू लावल्यावरच, कारण जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) स्कॅनएफ, राइट अशा बहुतेक फंक्शनांना हे अ‍ॅट्रिब्यूट फॉर्टिफाय-सोर्स (जादा सुरक्षा-तपासण्यांचा पर्याय) चालू असेल तेव्हाच लावते आणि उबुंटूचा जीसीसी ते ऑप्टिमायझेशनसोबत आपोआप चालू करतो. डीबग बिल्ड शांत, रिलीज बिल्ड लाल.

मग लोक व्हॉइडपुढे उद्गारचिन्ह घालतात. नकार हा वापर धरला जातो, त्यामुळे वॉर्निंग जाते खरी, पण असलं काही रिव्ह्यूला आलं की मी परत पाठवतो. फाइलमध्ये लिहिणाऱ्या राइटचं उत्तर सोडायचंच असेल तर इफ लिहा, आत एका ओळीत कारण लिहा. स्वतःच्या लायब्ररीत मी नोडिस्कार्डच लावतो. वापरणाऱ्याला नाही म्हणायची सोय हवी.

आणि 'वापरलं' म्हणजे 'तपासलं' नव्हे. पी या पॉइंटरवर रीअ‍ॅलॉक करून उत्तर पीमध्येच ठेवलंत तर दोन्ही अ‍ॅट्रिब्यूटं खूश. नल आला (म्हणजे मेमरी मिळाली नाही) की जुना पॉइंटर गेला, मेमरी गळाली, वॉर्निंग शून्य.