वॉकमनच्या पट्ट्यातला अर्धा स्वर

रत्नागिरीच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत काकांचा वॉकमन सापडला. ऐंशीच्या दशकात आखातातून आणलेला, फडक्यात गुंडाळलेला, अंगावर ओरखडा नाही. दोन पेन्सिल सेल घालून बटण दाबलं. मोटर कुईं करत फिरली, कॅसेट ढिम्म. "वापरलाच नाही, तर बिघडेल कसा?" आत्या म्हणाली. लोखंडाच्या बाबतीत तिचं म्हणणं चाललं असतं. रबराचं वय मात्र कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून मोजायचं, मग ते चाकावर फिरो नाहीतर ट्रंकेत झोपो.

मागचे स्क्रू काढले. मोटरची फिरकी टेप ओढणाऱ्या भागापर्यंत पोचवणाऱ्या रबरी पट्ट्याच्या जागी काळं, चिकट डांबर होतं. बोटाला लागलं ते दोन दिवस निघालं नाही. मोटरच्या कप्पीला तेवढा एक तुकडा शाबूत चिकटून होता.

सगळे पट्टे असे वितळत नाहीत. निओप्रीन या कृत्रिम रबराचे सैल पडतात, कडक होतात, त्यांना भेगा जातात. डांबर होतं ते बहुधा पॉलियुरेथेन या दुसऱ्या कृत्रिम, रबरासारख्या पदार्थाचं, आणि ते करतं पाणी. शाळेत शिकलेलं आठवा: आम्ल आणि अल्कोहोल मिळून एस्टर होतं आणि पाणी बाहेर पडतं. हीच अभिक्रिया उलटीही चालते. या जातीच्या बऱ्याच पट्ट्यांच्या लांबलचक साखळ्यांत हजारो एस्टर-कड्या असतात. हवेतली वाफ आत शिरते, एक कडी तोडते, तिथे आम्ल तयार होतं आणि ते आम्लच पुढची कडी तुटायला मदत करतं. म्हणून बरीच वर्षं काही दिसत नाही आणि मग एकदम सगळं ढासळतं. कोकणातले चाळीस पावसाळे म्हणजे या अभिक्रियेला मेजवानीच. कपाटात जपलेल्या बुटांचे तळवे लग्नाच्या दिवशीच भुगा होतात, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं.

आता कॅसेटची पुन्हा फॅशन आली आहे, तसे 'त्या काळचे ओरिजिनल, न वापरलेले' पट्टे चढ्या भावाने विकले जातात. घेऊ नका. जो पट्टा ट्रंकेत कुजला त्याचाच तो जुळा भाऊ.

डांबर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी पुसलं. जुना पट्टा नसेल तर नव्याची लांबी दोऱ्याने काढतात: सगळ्या कप्प्यांभोवती दोरा फिरवायचा आणि त्याहून साधारण पाच टक्के आखूड पट्टा घ्यायचा. लांबी मी नीट मोजली. जाडी मोजायचा आळस केला. हाताशी ०.७ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पट्टा होता, तो बसवला.

वॉकमन गायला लागला. आजोबांच्या भजनाची कॅसेट घातली, तर आवाज जड, दमल्यासारखा. शेजारच्या एका काकूंनी लगेच निदान केलं: गेलेल्या माणसाचा आवाज असा ओढल्यासारखा येतो म्हणजे आत्मा अडकलाय, शांत करून घ्या. अडकला होता तो आत्मा नव्हे, पट्टा. तोही अडकला नव्हता, फक्त पातळ होता.

इथे मला या यंत्राची सगळ्यात आवडती गोष्ट सांगायची आहे. फिलिप्सची कॅसेट १९६३ची, सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९चा, पण टेपचा ठरलेला वेग तोच राहिला: सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. टेप ओढते ती कॅप्स्टन नावाची बारीक दांडी. ती २ मिलिमीटर व्यासाची धरली तर सेकंदाला साडेसात फेरे घेते. तिच्या बुडाशी जड चाक असतं आणि मोटरची कप्पी ते चाक पट्ट्याने फिरवते. पट्ट्याऐवजी दातेरी चाकं का नाहीत? मोटरचे बारीक हिसके लवचीक पट्टा आणि जड चाक मिळून गिळून टाकतात. दाते ते जसेच्या तसे टेपपर्यंत पोचवतील आणि गाणं थरथरेल.

आता एक खोडरबर घ्या, त्याच्या कडेवर सारख्या अंतरावर उभ्या रेघा मारा आणि तो वाकवा. बाहेरच्या बाजूला रेघा फाकतात, आतल्या बाजूला जवळ येतात, मधोमध अंतर तेवढंच राहतं. कप्पीवरून वळणाऱ्या पट्ट्याचंही असंच. खरा वेग त्याच्या मधल्या थराचा. म्हणजे कप्पीचा कामाचा व्यास म्हणजे कप्पीचा व्यास अधिक पट्ट्याची एक जाडी. समजा कप्पी ४ मिलिमीटरची आणि चाक ३० चं. १ मिलिमीटरचा पट्टा असेल तर ३१ भागिले ५, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे ६.२ फेरे. पट्टा ०.७ चा केला की ३०.७ भागिले ४.७, म्हणजे ६.५३. जाडी वाढवली-घटवली तर मोठ्या चाकाला फारसा फरक पडत नाही, चिमुकल्या कप्पीला पडतो. मोटर तेवढ्याच वेगाने फिरत असेल तर टेप पाच टक्के हळू चालते.

पाच टक्के म्हणजे किती? पेटीवर शेजारच्या पट्टीत जायला साधारण सहा टक्क्यांचा फरक लागतो. ३००० हर्ट्झचा सूर २८५० च्या आसपास ऐकू येतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस जवळजवळ पांढरी एकवर उतरतो, आणि तालही तेवढाच रेंगाळतो. आजोबा दमले होते ते या ०.३ मिलिमीटरमुळे. तो शाबूत तुकडा मग मोजला, १ मिलिमीटर भरला.

त्या जाडीचा पट्टा आणून बसवला आणि आवाज वर चढला. पण एवढ्यावर भागत नाही, कारण ध्वनिमुद्रण घरच्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर झालं होतं आणि तोच हळू चालत असला तर? मागे विजेची घरघर ऐकू येत होती. ती ५० हर्ट्झची धरून वेग ताडून पाहता येतो, पण तेव्हाचं आपलं विजेचं ग्रिड ४८ ते ५२ च्या मध्ये कुठेही हिंदकळायचं. खात्री कसली? भजनात मात्र आजोबांची पेटी होती, आणि ती अजून घरात आहे. आत्याने भाता मारला, काळी एक दाबून धरली. मी मोटरच्या मागच्या भोकातून वेगाचा स्क्रू केसभर फिरवला, कॅसेटमधली पेटी आणि समोरची पेटी यांचे सूर जुळत नसले की ऐकू येणारी लहर हळूहळू मंदावत थांबेपर्यंत.