युरेथ्रोप्लास्टीनंतरची देखरेख: पार्श्वभूमी

मुंबईतल्या पालिका रुग्णालयांच्या युरोलॉजी ओपीडीत स्ट्रिक्चरचे, म्हणजे मूत्रमार्ग आकसलेले रुग्ण नेहमी दिसतात. कुणाचं कमरेचं हाड अपघातात मोडलेलं असतं, कुणाला जुना संसर्ग. पूर्वी धातूच्या सळ्या घालून मार्ग रुंद करत आणि तो पुन्हा आकसला की रुग्ण परत येई. त्यामुळे देखरेख आणि उपचार असे वेगळे नव्हतेच. १९७४ मध्ये जर्मनीच्या साक्से यांनी दुर्बिणीतून पाहत आकसलेला भाग कापायची रीत मांडली. तिच्यानंतरही अनेकांचा आजार उलटत राहिला.

गालाच्या आतलं अस्तर लावून मार्ग नव्याने घडवण्याचं तंत्र, म्हणजे युरेथ्रोप्लास्टी, रुळलं, तेव्हा चित्र पालटलं. इटलीच्या बार्बाग्लींची पद्धत १९९६ची. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी लांबलचक स्ट्रिक्चरसाठी काढलेली वाट आज जगभर वापरली जाते. (गुटख्याने तोंड आखडलेल्यांत मात्र हे अस्तर मिळणंच अवघड होतं.)

आता प्रश्न आला, शस्त्रक्रिया टिकली हे ओळखायचं कसं? 'लघवी नीट होते ना?' एवढं विचारून भागत नाही. निरोगी मूत्रमार्ग आठ-दहा मिलिमीटर रुंद होऊ शकतो, आणि धार बारीक झाल्याचं जाणवतं तेव्हा तो बहुधा तीन-साडेतीन मिलिमीटरवर आलेला असतो. तक्रारीची वाट पाहणं म्हणजे उशीर करणं, हे मला या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

म्हणून युरोफ्लो, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजणारी तपासणी, आली. स्वीडनच्या फॉन गारेल्ट्स यांनी १९५६ मध्ये धारेचा वेग विजेच्या यंत्राने मोजून दाखवला होता. आकसलेल्या मार्गात आलेख वर चढून टोक गाठत नाही, सपाटच राहतो. शंका आली तर दुर्बीण किंवा औषध भरून काढलेला एक्स-रे. २०११ मध्ये ब्रिटनमधून खास या शस्त्रक्रियेसाठीची प्रश्नावली आली आणि रुग्णाचं समाधानही मोजलं जाऊ लागलं.

आजार उलटण्याचा धोका पहिल्या वर्षात जास्त, म्हणून त्या वर्षातल्या भेटींवर डॉक्टरांचा भर असतो. लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा चिवट आजार असेल तर लक्ष वर्षानुवर्षं ठेवावं लागतं. पण मुंबईत ऑपरेशन झालेले कित्येकजण बरं वाटताच कोकणात किंवा घाटावर गावी परततात आणि तारखा चुकतात. अशांनी जवळ युरोफ्लोची सोय असेल तिथे तपासणी करून घ्यावी. मूत्राशयात निदान दीडशे मिलिलिटर लघवी असताना करावी, नाहीतर आकडा फसवा येतो, आणि तो आलेख पुढच्या भेटीला केसपेपरसोबत आणावा.