बारा व्होल्ट मिळतील, करंटला लगाम हवा

गाडीतून काढलेला रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), हॉर्न किंवा वायपरची मोटर टेबलावर तपासायची, तर १२ व्होल्ट डीसी लागतात. ते मिळवणं सोपं आहे. खरा प्रश्न अँपिअरचा. रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर पुरतात, ५५ वॉटच्या हेडलाइट बल्बला साडेचार लागतात, आणि काचेची मोटर अडकली तर २० च्या वर जाते. स्टार्टर शंभराच्या पुढे मागतो. त्याला गाडीचीच बॅटरी हवी.

जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय बहुतेक कामांना पुरतो. २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला जोडली की तो चालू होतो. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, काळी म्हणजे निगेटिव्ह. पिवळ्यावर किती अँपिअर मिळतात ते लेबलवर छापलेलं असतं. झाकण मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले राहतात. मोटर जोडताच सप्लाय बंद पडला, तर मोटर शॉर्ट आहे असं लगेच ठरवू नका. सुरू होताना मोटर काही क्षण नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि सप्लाय स्वतःला वाचवायला थांबतो. मेन स्विच बंद करून थोड्या वेळाने पुन्हा लावावा लागतो. अशा वेळी यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी बरी. ती हा झटका सहज सोसते. पण शॉर्ट झाला तर तीच बॅटरी वायर लाल करते, म्हणून पॉझिटिव्ह टर्मिनलला लागूनच १० अँपिअरचा फ्यूज हवा. लॅपटॉपचा अडॅप्टर वापरू नये, तो साधारण १९ व्होल्टचा असतो.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं हत्यार: इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब. तो पॉझिटिव्ह वायरमध्ये सिरीजला टाका, म्हणजे पार्टला जाणारा सगळा करंट त्यातूनच जाईल. पार्ट पूर्ण शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही. बल्ब लख्ख पेटतो, एवढंच. मोटरसाठी २१ वॉट कमी पडतात, तिथे दोन फिलामेंटचा एच४ हेडलाइट बल्ब लावा. त्याची एक फिलामेंट उडालेली असली तरी चालतं. मोटर हळू फिरेल आणि बल्ब मंद पेटेल, हे ठीक. मोटर हलत नाही आणि बल्ब भगभगीत पेटतोय, म्हणजे ती जाम आहे किंवा आत शॉर्ट आहे.

रिलेवर थोडा वेळ घालवावा, कारण तो फसवतो. कॉइलच्या ८६ नंबरच्या पिनला पॉझिटिव्ह, ८५ ला निगेटिव्ह दिलं की ‘टक्’ वाजतं, मल्टीमीटर ३० आणि ८७ या संपर्काच्या पिनांमध्ये सलगता दाखवतो, आणि तरी गाडीत हेडलाइट मंदच. मीटर तपासताना जवळजवळ करंट सोडतच नाही, जळका संपर्कही त्याला चांगला वाटतो. ३० ते ८७ मधून ५५ वॉटचा बल्ब पेटवा, सिरीजचा बल्ब या वायरमध्ये न ठेवता. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून ३० आणि ८७ वरच टेकवा. ०.१ व्होल्टच्या आसपास आलं तर उत्तम. एक व्होल्ट आलं तर रिलेत चार-साडेचार वॉट उष्णता होतेय आणि प्लास्टिक वितळण्याच्या वाटेवर आहे. काही रिलेंच्या आत डायोड असतो, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. ८५-८६ उलटे लागले तर कॉइलच्या वायरमधला सिरीजचा बल्ब पूर्ण पेटतो. लगेच काढा. जोडणीचं चित्र रिलेच्या अंगावरच असतं.

टेबलावर हेडलाइट थोडा पिवळट दिसला तर बल्बला दोष देऊ नका. चालू गाडीत १३.५ ते १४.४ व्होल्ट असतात, १३.५ वरून १२ वर आलं की उजेड सुमारे एक तृतीयांशाने घटतो. कार स्टिरिओ ‘मेलेला’ वाटतो तेव्हा बहुधा नुसती लालच वायर जोडलेली असते. सर्वसाधारण रंगसंगतीत पिवळी कायम पुरवठ्याची आणि लाल चावीची, दोन्हींना १२ व्होल्ट लागतात.

एअरबॅगला हात लावू नका, मल्टीमीटरने ओहम मोजायलासुद्धा नाही; मीटरचा चिमूटभर करंटही ती फोडू शकतो. इंधनपंप कोरडा फिरवू नका, कारण पेट्रोलच त्याचं वंगण आणि तेच त्याला थंड ठेवतं. बादलीत पेट्रोल घेऊन तो चालवणं तर त्याहून वाईट, क्लिप निघताना उडणारी ठिणगी वाफेला पुरते. त्याच्या कॉइलचे ओहम मोजून थांबा.