गोल्फच्या हिरवळीवरचं थोटूक

फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चेंडूला टेकून एखादं वाळलेलं पान पडलंय. ते बाजूला करताना चेंडू जागचा हलला, तर गोल्फच्या नियमांप्रमाणे खेळाडूला एका फटक्याचा दंड बसतो, म्हणजे त्याच्या नावावर एक जादा फटका मोजला जातो. त्याच जागी सिगारेटचं थोटूक असेल आणि ते उचलताना चेंडू हलला, तर दंड नाही. चेंडू होता तिथं परत ठेवायचा आणि पुढे खेळायचं. पान निसर्गातलं, म्हणून ते सांभाळून हलवणं खेळाडूचं काम. थोटूक कुणीतरी आणून टाकलेलं, म्हणून त्याचा भुर्दंड मागून येणाऱ्या खेळाडूवर नाही.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेतली ‘यूएसजीए’ या दोन संस्था मिळून हे नियम ठरवतात. पान आणि थोटूक यांच्यात त्यांनी ओढलेली ही रेघ मला फार महत्त्वाची वाटते, कारण मातीतले जीवाणू आणि बुरशीसुद्धा नेमकी तिथंच रेघ ओढतात. सिगारेट ओढणाऱ्या अनेक खेळाडूंना मात्र ती दिसत नाही. पाण्याची रिकामी बाटली आठवणीने कचरापेटीत टाकणारा माणूस थोटूक बुटाखाली चिरडतो आणि गवतातच सोडून पुढच्या होलकडे निघतो. कागद आणि कापूसच तर आहे, दोन पावसांत कुजून जाईल, असं त्याला अगदी मनापासून वाटत असतं.

तो कापूस नसतो. न ओढलेल्या सिगारेटचा फिल्टर ब्लेडने उभा चिरून बघा. वरचा कागद सोलला की आत पांढराशुभ्र, किंचित कडक पुंजका मिळतो. तो दोन्ही हातांनी हलकेच आडवा ताणला की तंतूंची जाळी उलगडू लागते आणि उलगडतच राहते. एका फिल्टरमध्ये असे १२ हजारांहून जास्त तंतू दाबून बसवलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूचा आडवा छेद इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दिसतो. गोल तंतूपेक्षा या आकाराला पृष्ठभाग जास्त, म्हणून धुरातले कण त्यावर अधिक अडकतात. पांढरेपणासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घातलेलं असतं, आणि तंतू एकमेकांना चिकटून कांडी ताठ राहावी म्हणून ट्रायॲसिटिन नावाचं द्रव्य.

हे तंतू सेल्युलोज ॲसिटेटचे असतात. सुरुवात लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून होते, म्हणजे पानाच्या सांगाड्यात असतं त्याच पदार्थापासून. सेल्युलोज ही ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक साखळी. साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोजवर तीन हायड्रॉक्सिल गट मोकळे असतात. कारखान्यात त्यांची ॲसेटिक ॲनहायड्राइडशी अभिक्रिया घडवतात आणि तिनांपैकी सरासरी अडीच जागांवर ॲसिटिल गट बसवतात. आता हा पदार्थ ॲसिटोनमध्ये विरघळतो, बारीक भोकांतून त्याचे तंतू ओढता येतात, आणि तो प्लास्टिक झालेला असतो. चष्म्याच्या चांगल्या फ्रेमसुद्धा सेल्युलोज ॲसिटेटच्याच असतात.

मातीतल्या बुरशीकडे आणि जीवाणूंकडे सेल्युलोज तोडणारी विकरं असतात. पानावर ती लगेच कामाला लागतात. थोटकावर मात्र ती अडतात, कारण साखळीला पकडण्याच्या जागा ॲसिटिल गटांनी व्यापलेल्या असतात. आधी दुसऱ्या विकरांनी ते गट सोडवायचे, मग सेल्युलोजला हात लावायचा. शिवाय फिल्टरमध्ये नायट्रोजन जवळजवळ नसतोच, आणि त्याच्याशिवाय सूक्ष्मजीवांची वाढ होत नाही. इटलीत नेपल्सच्या संशोधकांनी थोटकं दोन वर्षं कुजत ठेवून त्यांचं वजन मोजलं. दोन वर्षांनंतर सरासरी जेमतेम ३८ टक्के वजन कमी झालं होतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात एवढ्या काळात पानाचा मागमूसही राहत नाही.

गोल्फ कोर्सवर तर थोटकाला शांतपणे कुजायलाही वेळ मिळत नाही. ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवरचं, गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापतात, आणि तेही खेळाच्या दिवसांत जवळपास रोज. थोटकाची जाडी साधारण आठ मिलिमीटर. ते ग्रीनवर राहिलं तर मशिनच्या फिरत्या पात्यांत सापडणारच. पाती त्याचे तुकडे करतात, तंतू सुटे होतात आणि गवताच्या बुडाशी पसरतात. ग्रीन पुन्हा स्वच्छ दिसतं, पण प्लास्टिक तिथंच असतं, फक्त ते आता हाताने वेचता येत नाही. म्हणून तर माळी पहाटे मशिन फिरवण्याआधी थोटकं एकेक करून उचलतात. आदल्या संध्याकाळी आपल्या बोटांतून सुटलेली वस्तू सकाळी दुसरं कुणीतरी वाकून उचलत असतं, हे मला नेहमी खटकतं.

थोटकांचा गवतावर काय परिणाम होतो, हे इंग्लंडमधल्या अँग्लिया रस्किन विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं. त्यांचा लेख २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. केंब्रिज शहरात पाहणी करताना काही जागी त्यांना एका चौरस मीटरमध्ये १२८ पर्यंत थोटकं सापडली होती. मग त्यांनी कुंड्यांत रायग्रास हे गवत आणि क्लोव्हर हे तिपानी रोप पेरलं. काही कुंड्यांत ओढलेल्या सिगारेटचे फिल्टर ठेवले, काहींत न ओढलेल्या सिगारेटचे, आणि तुलनेसाठी काहींत त्याच आकाराचे लाकडाचे तुकडे. थोटकं असलेल्या कुंड्यांत रायग्रासचं उगवण्याचं प्रमाण १० टक्क्यांनी घटलं आणि कोंबांची लांबी १३ टक्क्यांनी. क्लोव्हरची घट आणखी मोठी होती: उगवण २७ टक्क्यांनी कमी, कोंबांची लांबी २८ टक्क्यांनी कमी, आणि मुळांचं वजन निम्म्याहूनही खाली.

या प्रयोगातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की न ओढलेल्या फिल्टरनेही वाढ खुंटली. म्हणजे दोष फक्त तंबाखूच्या विषाचा नाही, फिल्टर हा पदार्थच गवताला मानवत नाही.

रायग्रास हे खेळाच्या मैदानांचं लाडकं गवत आहे. विम्बल्डनची कोर्ट त्याचीच असतात. मास्टर्स स्पर्धा होते त्या ऑगस्टाच्या फेअरवेवरही थंडीच्या दिवसांसाठी ते पेरतात. आपल्याकडे मात्र बर्म्युडा गवताचं राज्य आहे. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीच. कोर्सवर तिच्या निवडक आणि संकरित जाती लावतात. त्यांतल्या अनेक जाती बी धरत नाहीत, धावत्या खोडांनी पसरतात. केंब्रिजच्या प्रयोगात हरळी नव्हती, त्यामुळे उगवणीचे ते आकडे इथं जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण कोंब आणि मुळं हरळीलाही असतातच, आणि क्लबच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठीच्या, घावाने उखडलेली जागा भरून यायला तिला नव्या कोंबांचीच गरज असते.

आता तंबाखूचा भाग. तंबाखूचं झाड निकोटीन बनवतं ते पानं खाणाऱ्या किडींपासून स्वतःला वाचवण्यासाठी. निकोटीन किडीच्या मज्जासंस्थेवर घाला घालतं, आणि याच गुणामुळे एकेकाळी निकोटीन सल्फेट बागेतलं कीटकनाशक म्हणून सर्रास विकलं जायचं. ते पाण्यात सहज उतरतं. बर्लिनमधल्या संशोधकांनी थोटकं पाण्यात भिजवली, तेव्हा एक ग्रॅम थोटकांतून ७.३ मिलिग्रॅम निकोटीन बाहेर आलं, आणि त्यातलं अर्धं पहिल्या २७ मिनिटांतच. मग त्यांनी थोटकांवर पावसासारखं पाणी शिंपडलं. अशा १५ सरींत मिळून जेवढं निकोटीन निघालं, त्यातलं जवळपास निम्मं पहिल्याच सरीत निघालं, आणि ती सर होती केवळ १.४ मिलिमीटरची. कोर्सवर स्प्रिंकलर रोज चालतात. म्हणजे रात्री पडलेल्या थोटकाला पावसाची वाट बघावी लागत नाही.

हे पाणी उताराने कोर्सवरच्या तळ्यात जातं. अमेरिकेत सॅन दिएगोच्या संशोधकांनी २०११ मध्ये माशांवर चाचणी घेतली. तंबाखूचा थोडा अंश चिकटलेलं एक थोटूक एक लिटर पाण्यात, एवढी मात्रा चार दिवसांत निम्मे मासे मारायला पुरली. एक जात खाऱ्या पाण्यातली होती, दुसरी गोड्या पाण्यातली, आणि दोन्हींचा आकडा जवळपास सारखाच आला. आता तळ्यात लाखो लिटर पाणी असतं, चार-दोन थोटकांनी त्यातले मासे पटापट मरणार नाहीत, हेही खरंच. पण माशांपेक्षा पाण्यातले किडे आणि बारीक कवचधारी जीव निकोटीनला जास्त हळवे असतात. त्यांचा विचार करून बर्लिनच्या संशोधकांनी हिशेब मांडला: एका थोटकातलं निकोटीन १,००० लिटर पाणी धोक्याच्या पातळीवर नेऊ शकतं.

विडीचं काय, असं कुणी विचारेल. विडीला फिल्टर नसतो, तेंदूचं पान मातीत मिसळतं, त्यामुळे प्लास्टिकचा प्रश्न सुटतो. निकोटीनचा सुटत नाही. कागदी फिल्टरच्या सिगारेटचंही तेच.

सिगारेट ओढणाऱ्या खेळाडूची एक सवय तर त्याच्या स्वतःच्याच मुळावर येणारी आहे. फटका मारायची वेळ आली की तो जळती सिगारेट गवतावर ठेवतो, फटका मारतो, सिगारेट उचलतो आणि पुन्हा ओठांत धरतो. ग्रीन इतकं एकसारखं राहावं म्हणून त्यावर बुरशीनाशकं, तणनाशकं आणि कीटकनाशकं फवारलेली असतात. ओलसर गवतावर टेकलेलं टोक थेट तोंडात जातं. अशा सवयीने काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेलं आहे. १९९७ मध्ये आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी एका निवृत्त अभियंत्याच्या यकृताला आलेल्या सुजेची हकिकत प्रसिद्ध केली. हा गृहस्थ खेळताना चेंडू जिभेने चाटून साफ करायचा, आणि त्याच्या कोर्सवर २,४-डी हे तणनाशक वापरलं जात होतं. चाटणं थांबवलं तशी सूज उतरली. तेव्हा टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) दातांत धरणाऱ्यांनी आणि सिगारेट गवतावर ठेवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. ज्यांना ओढायचीच आहे त्यांच्यासाठी सिगारेट अधांतरी धरणाऱ्या क्लिप मिळतात.

उघड्यावर धुराचा कुणाला त्रास, असंही म्हटलं जातं. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. वाऱ्याच्या दिशेने अर्ध्या मीटरवर बसलेल्या माणसाभोवती धुराच्या कणांचं प्रमाण बंद खोलीतल्याइतकं भरू शकतं. दोन मीटरपलीकडे ते झपाट्याने उतरतं, आणि सिगारेट विझली की लगेच ओसरतं. गोल्फ कार्टमध्ये शेजारी बसलेला जोडीदार दोन मीटरवर नसतो, आणि बॅग घेऊन चिकटून चालणारा कॅडीही नसतो. कॅडीला तर ‘साहेब, जरा लांब ओढा’ म्हणायची सोयही नाही. म्हणून वाऱ्याकडे बघून बाजूला होण्याची जबाबदारी ओढणाऱ्याचीच.

झुरका घेताना जळत्या टोकाचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. पाणी दिलेल्या फेअरवेवर त्याने फार तर गवत करपतं. मार्च-एप्रिलमध्ये पिवळ्या पडलेल्या रफमध्ये, म्हणजे फेअरवेच्या कडेच्या उंच गवतात, गोष्ट वेगळी. दक्षिण कॅलिफोर्नियात २०१० आणि २०११ मध्ये गोल्फ कोर्सवर आगी लागल्या. तिथल्या अर्व्हाइन विद्यापीठाच्या अभियंत्यांनी नंतर दाखवून दिलं की टायटॅनियमची क्लब दगडावर घासली तर उडणारी ठिणगीसुद्धा वाळलेलं गवत पेटवायला पुरते. जिथं ठिणगी पुरते तिथं धुमसतं थोटूक भिरकावणं म्हणजे आगीला आमंत्रणच.

बाकीच्या कचऱ्याबद्दल थोडक्यात. लाकडी टी मोडली तर तुकडे उचलावेत, ती कुजते पण मशिनची पाती बोथट करते. प्लास्टिकची टी तर कुजतही नाही. हरवलेला चेंडू हा सर्वांत टिकाऊ कचरा. कॅलिफोर्नियात पेबल बीच परिसरातल्या समुद्रतळावरून ॲलेक्स वेबर या शाळकरी मुलीने सोबत्यांच्या मदतीने बुड्या मारून ५० हजारांहून जास्त चेंडू बाहेर काढले. त्यावरचा शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लाटांनी घासून अनेक चेंडूंची कवचं झिजली होती, आणि चेंडूच्या गाभ्यात जस्ताची संयुगं असतात.

थोटकावरचा उपाय त्या मानाने अगदी सोपा आहे. झाकणाची छोटी पत्र्याची डबी बॅगेत ठेवायची, थोटूक पूर्ण विझवून त्यात टाकायचं आणि क्लब हाउसवर आल्यावर रिकामी करायची. पण केवळ विनंतीची पाटी लावून हे होत नाही, हा सगळीकडचा अनुभव. इथं पुन्हा नियमपुस्तकाची मदत होते. नियम १.२ खेळाडूकडून मैदानाची काळजी घेण्याची अपेक्षा करतो: उखडलेलं गवत जागेवर बसवणं, बंकरमधली वाळू सारखी करणं, चेंडूने पडलेले खड्डे बुजवणं. त्याच नियमाच्या दुसऱ्या भागाने २०१९ पासून प्रत्येक क्लबच्या समितीला स्वतःची आचारसंहिता करण्याची आणि ती मोडणाऱ्याला स्पर्धेत फटक्यांचा दंड लावण्याची मुभा दिली आहे. आपल्याकडच्या क्लबांनी त्या आचारसंहितेत एक ओळ घालावी: मैदानावर थोटूक टाकल्यास पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी एक फटका. पान हलवताना चेंडू सरकला म्हणून ज्या खेळात एक फटका मोजावा लागतो, त्या खेळात ही मागणी जास्त नाही.