न सोडलेल्या धुराची किंमत

एचसीएफसी-22 हा शीतकरणासाठी वापरला जाणारा वायू. तो तयार होताना सोबत एचएफसी-23 नावाचा एक नकोसा वायूही थोडाफार निघतो. उष्णता धरून ठेवण्यात हा महाभयंकर. हवामानबदल रोखण्यासाठी झालेल्या क्योटो या आंतरराष्ट्रीय कराराच्या हिशेबात एक टन एचएफसी-23 म्हणजे 11,700 टन कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे एक टन जाळून टाकला की कारखान्याच्या खात्यात 11,700 कार्बन क्रेडिट जमा होत. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन टाळल्याचा दाखला; तो विकत घेणाऱ्याला तेवढा वायू स्वतः सोडता येतो. जाळण्याचा खर्च किरकोळ आणि क्रेडिटला युरोपात गिऱ्हाईक तयार. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं, की क्रेडिट मिळत असताना काही कारखान्यांत हा वायू जास्त निघतो आणि मिळत नसताना कमी! अखेर 2013 मध्ये युरोपीय संघाने ही क्रेडिट बाद केली.

मला यातली खरी अडचण मोजमापाची वाटते. धुराड्यातून किती वायू गेला हे मोजता येतं. पण क्रेडिट मिळतं ते न गेलेल्या वायूसाठी. ‘प्रकल्प नसता तर किती गेला असता’ हा आकडा अंदाजानेच ठरवावा लागतो, आणि तो फुगवण्यात विकणाऱ्याचाही फायदा, घेणाऱ्याचाही. जंगल राखण्याच्या प्रकल्पांत हेच घडतं. तोडीचा धोका मुळात नसलेलं जंगलसुद्धा ‘वाचवलं’ म्हणून विकता येतं. ‘सायन्स’ या नियतकालिकात 2023 साली आलेल्या अभ्यासात असे 26 प्रकल्प तपासले होते. त्यांच्या क्रेडिटपैकी जेमतेम 6 टक्क्यांमागे खरीखुरी जादा बचत सापडली. शिवाय जंगलाला वणवा लागला, की साठवलेला कार्बन पुन्हा हवेत. त्या जंगलाचं क्रेडिट दाखवून जाळलेल्या कोळशाचा वायू मात्र शेकडो वर्षं वातावरणात राहतो.

एकूण उत्सर्जनावर कमाल मर्यादा घालून तेवढाच वायू सोडण्याचे परवाने कारखान्यांना देणं आणि त्यांची खरेदी-विक्री होऊ देणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. पण युरोपात 2005 साली हा बाजार सुरू झाला तेव्हा बहुतेक परवाने फुकट वाटले, तेही गरजेपेक्षा जास्त. 2006 च्या एप्रिलमध्ये उत्सर्जनाचे खरे आकडे बाहेर आले आणि परवान्यांचे भाव कोसळले. 2007 संपेपर्यंत ते शून्यावर टेकले होते. पुढे मर्यादा आवळली तेव्हा कुठे या बाजाराला जोर आला.

कार्बन डायऑक्साइड कुठूनही निघाला तरी जगभर पसरतो, म्हणून इथली घट तिथे विकता येते. त्याच धुराड्यातली काजळी आणि गंधकाचा वायू मात्र आसपासच उतरतो. परवाने विकत घेऊन कारखाना चालू राहिला, तर शेजारच्या वस्तीतली मुलं तीच हवा छातीत ओढत राहतात. तिची नोंद या व्यवहारात कुठेच होत नाही.